चरित्रचिंतन : आधी गोळी झाडायची नाही

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे विवेचन करताना आपल्या परंपरेत हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. जाणूनबुजून, मनाशी ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा. स्वयंपाकपाणी, झाडलोट अशा गृहकृत्यांत घडते ती आरंभी. शेती, व्यापार, व्यवसाय यांत घडते ती उद्योगी. आणि स्वतःच्या, कुटुंबाच्या किंवा देशाच्या रक्षणासाठी आक्रमकाला विरोध करताना घडते ती विरोधी हिंसा. मुनी चारही प्रकारांचा त्याग करतात. गृहस्थाने संकल्पी हिंसेचा त्याग करावा आणि उरलेल्या तिन्हींत शक्य तेवढा विवेक व यत्नाचार राखावा, अशी अपेक्षा आहे. हे वर्गीकरण पाठशाळेत सहज पाठ होते. परंतु विरोधी हिंसा कोठे संपते आणि संकल्पी हिंसा कोठे सुरू होते, ही रेषा प्रत्यक्ष प्रसंगी फार पुसट असते. ती ओळखायला मिळणारा अवधीही काही क्षणांचाच असतो.

अमेरिकेतील एका वृद्ध शेतकऱ्यावर असा प्रसंग १७७५ साली आला. त्यांचे नाव कर्नल जेम्स बॅरेट. जैन धर्माचे नावही त्यांच्या कानी पडले असण्याचा संभव नाही. परंतु शेती सांभाळणारा, गावकीत वावरणारा, घरादाराचा आणि समाजाचा भार वाहणारा हा मनुष्य आपल्या कोल्हापूर-सांगली भागातील शेतकरी वाचकांना परका वाटणार नाही.

बॅरेट यांचा जन्म १७१० साली कॉन्कॉर्ड या गावी झाला. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मॅसॅच्युसेट्स ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती आणि बोस्टन हे तिचे मुख्य बंदर. बोस्टनपासून सुमारे ३२ किलोमीटरवर असलेल्या कॉन्कॉर्डची वस्ती १५०० च्या आसपास होती. गावापासून थोड्या अंतरावर बॅरेट यांचे लाकडी घर, कोठार आणि शेती होती. १७३२ साली रिबेका हबर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुले मोठी झाली आणि तीही शेतीच्या कामात रुळली.

त्या काळच्या मॅसॅच्युसेट्समध्ये शेतकरी हा केवळ शेतकरी राहत नसे. सोळा ते साठ वर्षांच्या बहुतेक पुरुषांना गावाच्या मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्याच फौजेत, नाव नोंदवावे लागे. वर्षातून काही दिवस कवायत होई आणि बाकीचे दिवस नांगर हाती असे. गावचा कारभार ग्रामसभेत चाले. रस्ते, शाळा, गरिबांचा सांभाळ, कराची आकारणी हे सर्व तेथेच ठरे, आणि वसाहतीच्या विधिमंडळात गावाने कोणाला पाठवायचे तेही तेथेच ठरे. १७६८ पासून कॉन्कॉर्डने या कामासाठी बॅरेट यांची निवड केली आणि पुढे वर्षामागून वर्षे तीच निवड कायम ठेवली. ते वक्ते म्हणून किंवा ग्रंथकार म्हणून प्रसिद्ध नव्हते. गावाचा त्यांच्यावर भरवसा होता, हीच त्यांची पुंजी.

कलहाचे मूळ करांत होते. आपले प्रतिनिधी ज्या संसदेत नाहीत, तिने आपल्यावर कर का लादावेत, असा वसाहतींचा प्रश्न होता. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकल्या गेल्या. आपल्याकडे मुलूख गिळंकृत करणारी कंपनी ती हीच. तिच्याच मुंबईकर अधिकाऱ्यांनी मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांशी सुरतेचा तह करून मराठ्यांच्या राज्यात हात घातला. चहाच्या प्रकरणाची शिक्षा म्हणून संसदेने बोस्टनचे बंदर बंद केले. त्याहीपेक्षा गावोगावच्या शेतकऱ्यांना अधिक झोंबला तो १७७४ चा दुसरा कायदा. त्यानुसार वर्षातील एक नेहमीची सभा सोडली, तर गव्हर्नरच्या परवानगीशिवाय ग्रामसभा भरवता येईना. जनरल थॉमस गेज हे लष्करप्रमुखही होते आणि गव्हर्नरही. त्यांनी विधिमंडळाची बैठक रद्द केली, तेव्हा प्रतिनिधींनी स्वतःहून प्रांतिक काँग्रेस भरवली. ऑक्टोबर १७७४ मध्ये तिची बैठक कॉन्कॉर्डमध्येच झाली. बॅरेट तिचे सभासद होते.

या काँग्रेसने संरक्षणाची तयारी सुरू केली. मिलिशियातून निवडक तरुणांच्या तुकड्या काढण्यात आल्या. सूचना मिळताच मिनिटभरात सज्ज व्हायचे, म्हणून त्यांना ‘मिनिटमेन’ म्हणत. साठा करण्यासाठी कॉन्कॉर्ड निवडले गेले आणि तो सांभाळण्याची जबाबदारी बॅरेट यांच्यावर आली. शिवाय चौसष्टाव्या वर्षी, ज्या वयात इतरांना मिलिशियातून सुटका मिळे त्या वयात, त्यांनी रेजिमेंटचे कर्नलपद पत्करले.

हा साठा म्हणजे एक मोठे कोठारच होते. तोफा, तोफगाडे, काडतुसे, शिशाच्या गोळ्या, तंबू, पिठाची पिंपे, तांदूळ, खारे मासे, लाकडी थाळ्या आणि चमचेसुद्धा त्यात होते. माल एका जागी न ठेवता तो घराघरांत विभागला होता. कोणत्या घरी काय आणि किती, याचा हिशेब बॅरेट यांच्याकडे. त्यांना आलेल्या एका पत्रात तर बंदुकीच्या दारूचा नावाने उल्लेखही करू नये अशी ताकीद होती, कारण पत्र शत्रूच्या हाती पडण्याची भीती होती. भीती खोटी नव्हती. मार्च महिन्यात गेज यांचे दोन अधिकारी साध्या वेशात कॉन्कॉर्डला येऊन सगळे पाहून गेले होते.

१८ एप्रिलच्या रात्री सुमारे ७०० इंग्रज सैनिक बोस्टनहून निघाले. साठा नष्ट करावा, मात्र रहिवाशांना लुटू नये व खासगी मालमत्तेला धक्का लावू नये, असा गेज यांचा लेखी हुकूम होता. मध्यरात्रीनंतर सॅम्युएल प्रेस्कॉट या तरुण डॉक्टरने घोडा पिटाळत कॉन्कॉर्डला खबर पोहोचवली आणि गावाची घंटा वाजू लागली. उरलासुरला माल हलवण्याची धांदल उडाली. बॅरेट यांच्या शेतात मुलांनी नांगर धरला, ताज्या सऱ्यांत शस्त्रे ठेवली आणि वरून माती ओढली. माळ्यावरच्या पिंपांत गोळ्या आणि बंदुकीचे चकमक दगड भरून वर पिसांचा थर पसरला. लांबून पाहणाऱ्याला एप्रिलमधली नेहमीची नांगरट चालू आहे असेच दिसले असते.

गावातील झडतीची एक हकिकत कॉन्कॉर्डच्या इतिहासात सांगितली जाते. टिमथी व्हीलर या गिरणीवाल्याच्या कोठारात काँग्रेसच्या पिठाची पिंपे होती, आणि त्यांच्याशेजारी त्याची स्वतःची पोतीही होती. अधिकारी आत येताच व्हीलर आपल्या एकेका पोत्यावर हात ठेवून, हे माझे पीठ, हा माझा गहू, ही माझी राय, असे सांगू लागला. हात ठेवलेले प्रत्येक पोते खरोखर त्याचेच होते. खासगी मालाला आम्ही हात लावत नाही, असे म्हणून अधिकारी निघून गेला. सत्याणुव्रताच्या दृष्टीने या उत्तराला किती गुण द्यावेत, हे वाचकांनीच ठरवावे. इतरत्र सैनिकांनी पिठाची सुमारे ६० पिंपे फोडली, ५०० पौंड गोळ्या गिरणीच्या तळ्यात टाकल्या आणि तीन मोठ्या तोफा निकामी केल्या. पुढे त्यातील पुष्कळसा माल गावकऱ्यांनी परत मिळवला.

गावाच्या उत्तरेला नदीवर लाकडी पूल होता. इंग्रजांच्या तीन तुकड्या तेथे थांबल्या आणि कॅप्टन पार्सन्स यांच्या हाताखालच्या चार तुकड्या पूल ओलांडून सुमारे तीन किलोमीटरवरच्या बॅरेट यांच्या शेतावर गेल्या. हेरगिरी करून गेलेला एक अधिकारी वाट दाखवायला बरोबर होता. बॅरेट तोपर्यंत आपल्या माणसांकडे परतले होते. घरी होत्या रिबेका.

सैनिकांनी घर धुंडाळले. रात्रभर चालून ते थकलेले व भुकेलेले होते. त्यांनी खायला मागितले आणि रिबेका यांनी ते दिले. शत्रू भुकेला असेल तर त्यालाही अन्न द्यावे, अशी आम्हांला धर्माज्ञा आहे, असे त्या म्हणाल्याचे गावाच्या इतिहासात नमूद आहे. अन्नाचे पैसे त्यांनी नाकारले. सैनिकांनी ती नाणी त्यांच्या ओटीत टाकली, तेव्हा ही रक्ताची किंमत आहे, असे उद्गार त्यांनी काढले. त्याच वेळी त्यांचा एक मुलगा, स्टीफन, घरात आला आणि बॅरेट हे आडनाव ऐकून सैनिकांनी त्याला पकडले. पकडायचे ते याच्या वडिलांना, हा त्यांचा मुलगा आहे, असे आईने पटवून दिल्यावर त्याची सुटका झाली. पती रणांगणावर, घरात शत्रू, माळ्यावर लपवलेला दारूगोळा आणि मुलगा पकडलेला. अशा स्थितीत त्या माउलीने पाहुणचाराचा धर्म मोडला नाही.

तिकडे पुलापलीकडच्या टेकडीवर आसपासच्या गावांतून सुमारे ४०० माणसे जमली होती. त्यांत शेतकरी होते, सुतार होते, लोहार होते. भाऊ, मेहुणे, बापलेक शेजारी शेजारी उभे होते. बॅरेट यांचा मुलगा नेथन एका तुकडीचा कप्तान होता. पहाटे लेक्सिंग्टन गावी गोळीबार झाल्याचे उडत उडत कानी आले होते, पण नेमके काय घडले ते कोणालाच ठाऊक नव्हते. तेवढ्यात कॉन्कॉर्डच्या मध्यावरून धूर वर चढताना दिसला. इंग्रजांनी पेटवलेल्या तोफगाड्यांच्या ज्वाळा सार्वजनिक सभागृहाला लागल्या होत्या. मार्था मोल्टन या एकाहत्तर वर्षांच्या विधवेने सैनिकांची मनधरणी करून ती आग त्यांच्याकडूनच विझवून घेतली. टेकडीवरच्यांना हे कसे कळावे? त्यांना दिसला फक्त धूर. गाव जळू देणार काय, असा प्रश्न जोसेफ हॉस्मर या अधिकाऱ्याने विचारला.

निर्णय बॅरेट यांना घ्यायचा होता. ज्या घराकडे शत्रूच्या चार तुकड्या गेल्या, ते त्यांचे स्वतःचे घर. तेथे त्यांची पत्नी. समोर पुलावर शंभराच्या आतबाहेर शत्रू आणि मागे चौपट माणसे, संतापलेली आणि बंदुका रोखायला उत्सुक. त्यांनी अधिकाऱ्यांशी सल्लामसलत केली आणि हुकूम दिला: पुलाकडे चला, पूल ओलांडा, परंतु राजाच्या सैनिकांनी आधी गोळी झाडल्याखेरीज तुम्ही गोळी झाडायची नाही.

मेजर बट्रिक यांच्या मागे रांग शिस्तीने उतरू लागली. अग्रभागी ॲक्टन गावची तुकडी होती. तिचा कप्तान आयझॅक डेव्हिस तीस वर्षांचा, व्यवसायाने बंदुका घडवणारा. इंग्रज पुलाच्या अलीकडच्या काठावर सरकले आणि त्यांच्याकडून गोळ्या सुटल्या. डेव्हिस आणि ॲबनर हॉस्मर जागीच ठार झाले. तेव्हा बट्रिक यांनी गोळी झाडण्याचा हुकूम दिला. दोन-तीन मिनिटांत सारे संपले. इंग्रजांचे तीन शिपाई यात प्राणास मुकले, आठपैकी चार अधिकारी जखमी झाले आणि तुकड्या मोडून गावाकडे पळाल्या.

यानंतरची गोष्ट कथेच्या ओघात बहुधा वगळली जाते. बॅरेट यांच्या घराची झडती घेऊन पार्सन्स यांच्या तुकड्या त्याच पुलावरून परत आल्या. आता त्या एकाकी होत्या. टेकडीवरच्यांनी ठरवले असते तर त्यांचा निःपात करता आला असता. पण त्या गोळ्या झाडत नव्हत्या, म्हणून त्यांच्यावरही कोणी गोळी झाडली नाही. त्या सुखरूप पूल ओलांडून गेल्या.

परंतु त्या तुकड्यांनी पुलाजवळ एक भयंकर दृश्य पाहिले. चकमकीनंतर एक जखमी इंग्रज शिपाई तेथे पडला होता. मागाहून आलेल्या गावातील एका तरुणाने त्याच्या डोक्यावर कुऱ्हाडीचा घाव घातला. त्या शिपायाकडून कोणालाही धोका उरला नव्हता. वसाहतवाले जखमींची डोकी सोलतात, अशी वार्ता इंग्रज सैन्यात पसरली. त्या दिवशी परतीच्या वाटेवर दोन्ही बाजूंनी जे क्रौर्य झाले, त्याला या वार्तेने खतपाणी घातले. दिवस मावळेपर्यंत ७३ इंग्रज आणि ४९ वसाहतवाले मृत्युमुखी पडले.

चार दिवसांनी, २३ एप्रिलला, बॅरेट यांनी शपथेवर लेखी जबानी दिली. तिच्यात त्यांनी आपला हुकूम स्पष्ट नोंदवला आहे. अशा अनेक जबान्या घेऊन एक वेगवान जहाज इंग्लंडला रवाना झाले आणि गेज यांच्या सरकारी अहवालाच्या सुमारे दोन आठवडे आधी लंडनला पोहोचले. आधी गोळी कोणी झाडली, याला न्यायाच्या दरबारात किती मोल असते, हे त्या वृद्ध प्रतिनिधीला पुरते ठाऊक होते. कुऱ्हाडीच्या घटनेचीही एक जबानी झाली. मृतांना पुरणाऱ्या दोघांनी शपथेवर सांगितले की कोणाचेही डोके सोललेले नव्हते. ते अक्षरशः खरे होते. कुऱ्हाडीविषयी मात्र कागद गप्प राहिला. हिशेबाच्या वहीत एखादी रक्कम न मांडली म्हणून देणे फिटत नाही. सत्तरएक वर्षांनी नॅथॅनियल हॉथॉर्न या लेखकाने त्या तरुणाच्या मनाला ते कृत्य जन्मभर कसे छळत राहिले असेल, याविषयी लिहिले. गावाला ते विसरता आले नाही.

बॅरेट ११ एप्रिल १७७९ रोजी निवर्तले. युद्ध त्यानंतर चार वर्षे चालले. स्वातंत्र्य मान्य झालेले त्यांना पाहायला मिळाले नाही. त्यांच्या समाजाचे दोषही झाकण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यासाठी उठलेल्या त्याच कॉन्कॉर्डमध्ये काही घरांत गुलाम राबत होते. स्वतःवरील अन्याय दिसणाऱ्या डोळ्यांना आपल्या हातून घडणारा अन्याय दिसतोच असे नाही. हा धडा कोणत्याही एका देशापुरता नाही.

बॅरेट यांचे घर आजही उभे आहे. २०१२ साली ते तेथील राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात सामील झाले. पुलापाशी १८७५ साली उभारलेल्या पुतळ्यात मिनिटमनच्या हाती बंदूक आहे आणि बाजूला नांगर. याच कॉन्कॉर्डमध्ये १८१७ साली हेन्री डेव्हिड थोरो जन्मले. अन्यायी सत्तेशी असहकार करण्याविषयीचा त्यांचा निबंध गांधीजींनी आदराने वाचला. बंदूक आधी उचलायची नाही येथपासून बंदूक उचलायचीच नाही येथपर्यंतचा पल्ला फार मोठा आहे, आणि तो बॅरेट यांनी गाठला असे कोणी म्हणणार नाही.

तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या आधी प्रमादाचा उल्लेख केला आहे. कॉन्कॉर्डच्या पुलावर एकाच सकाळी एकाच गावची माणसे होती. हुकूम पाळून थांबलेले हात तेथे होते, गोळ्या आल्यावर उत्तर देणारे हात होते आणि निःशस्त्र जखमीवर पडलेली कुऱ्हाडही होती. मधली रेषा पुलाइतकीही रुंद नव्हती. जमावातला प्रत्येक जण ती स्वतः ओळखील, असा भरवसा धरता येत नाही. म्हणून ज्याच्या शब्दाला मान आहे, त्याने ती वेळेवर आणि स्पष्ट शब्दांत आखून द्यावी लागते. स्वतःच्या घरात शत्रू शिरला असताना बॅरेट यांनी ती आखली. त्याच वेळी त्या घरात रिबेका शत्रूला जेवू घालत होत्या. कुटुंबातील भांडण असो, भावकीचा वाद असो वा समाजाच्या सभेतील तंटा, घरातील कर्त्या माणसांकडून श्रावकधर्माची अपेक्षाही याहून फार वेगळी नाही.